डॉलरवरचा अंगठा

आमच्या घरात देवांना सोवळं नाही. देव्हाऱ्यातला गणपती लेकीने लहानपणी बदकाच्या जोडीला आंघोळीच्या टबात नेला होता आणि तो बिचारा काही बोलला नाही. सोवळं आहे ते माझ्या नाण्यांना. त्यांना कोणी हात लावायचा नाही, त्यांच्यासमोर खाता खाता बोलायचं नाही, शिंक आली तर तोंड फिरवून दाराकडे जायचं. हे नियम मी कुठे लिहून लावलेले नाहीत. माझा आवाज एकदा चढला की ते घरात सगळ्यांना पाठ होतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं बायको माझ्या आवाजाबद्दल म्हणते.

मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नमध्ये राहतो आणि इथल्या एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर लिहितो. जवळच अमेरिकन सैन्याचा मोठा तळ आहे. त्यामुळे इथल्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, जर्मन आज्यांच्या कपबश्यांशेजारी बेसबॉलचे हातमोजे आणि अमेरिकन गाड्यांच्या नंबरप्लेटा विकायला असतात. बदली झालेली कुटुंबं घर रिकामं करून जातात. बारा वर्षांपूर्वी अशाच एका बाईकडून मी पहिला डॉलर घेतला. निळी मखमली डबी, आत प्लास्टिकची पारदर्शक कॅप्सूल आणि कॅप्सूलमध्ये चांदीचा गोल डॉलर, कसल्याशा शताब्दीच्या निमित्ताने काढलेला. बाई म्हणाली, नवऱ्याला कोणीतरी भेट दिला होता, त्याने डबी कधी उघडलीसुद्धा नाही.

मी ती तिथेच उघडली. नाण्याची मोकळी जागा आरशासारखी होती, इतकी गुळगुळीत की काळी दिसत होती. त्या काळ्यावर एका बाईचा चेहरा उठावात कोरलेला, तांदळाच्या पिठीसारखा पांढरा. मी वाकलो तर तिच्या गालाशेजारी माझा चेहरा आला, लहानसा, पाण्यात बुडाल्यासारखा. मला एकदम थंडी वाजली आणि मी ते नाणं विकत घेतलं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे स्मारक डॉलर बाजारात फिरत नाहीत. त्यांच्यावर एक डॉलर असं लिहिलेलं असतं, पण त्यांनी आजवर कोणी पावाची लादी आणलेली नसते. टांकसाळीतून निघतात ते थेट कॅप्सूलमध्ये. मग माझ्यासारखे लोक ते परीक्षकांकडे पाठवतात. ते भिंगाखाली बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं एका चपट्या पारदर्शक पेटीत कायमचं सीलबंद करतात. या पेटीला स्लॅब म्हणतात. एकदा बंद झालेला स्लॅब फोडल्याशिवाय उघडत नाही. सत्तर म्हणजे पाचपट मोठं करून पाहिलं तरी एकही खोट दिसत नाही. एकोणसत्तर म्हणजे कुठेतरी केसाएवढा ओरखडा आहे. मी एकोणसत्तरवाले घरात ठेवत नाही.

"तुला बारावीला किती होते रे?" असं बायको अशा वेळी विचारते. मी विषय बदलतो.

खरं सांगायचं तर मला आयुष्यात कशातच पैकीच्या पैकी मिळाले नाहीत, आणि ज्या खणात सगळ्यांना मिळालेत तो खण उघडून बसायला मला आवडतं. चाळीसेक स्लॅब त्यात उभे लावलेले आहेत. बायको त्याला शवागार म्हणते. गेल्या वर्षापर्यंत मी त्यावर हसत होतो.

ज्या नाण्याची ही गोष्ट आहे ते घरात आलं तेव्हा बाबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. तीन महिन्यांचा व्हिसा. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, उंच, ताठ, कमी बोलणारा. लहानपणी संध्याकाळी त्यांच्या सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज आला की मी रेडिओ बंद करून पुस्तक उघडायचो. ते मारायचे नाहीत. नुसतं नाव घेऊन हाक मारायचे आणि मी हातातलं टाकून उभा राहायचो.

कायझर्सलाउटर्नमध्ये आलेले बाबा वेगळे होते. म्हातारपणाने आणि परक्या देशाने त्यांना घरातल्या घरात पाहुणं करून टाकलं होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगायचो. कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा, खिडकी तिरकी कशी उघडायची, दुपारी एक ते तीन नळ जोरात का सोडायचा नाही, रविवारी काचेच्या बाटल्या फेकायला का जायचं नाही.

"तू समजावत नाहीस, ओरडतोस," बायको म्हणायची. "आल्झो, म्हणजे बघ ना, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. कचरा चुकला तर काय पोलीस येतात का?"

बाबांच्या बाजूने ती बोलली की बाबा म्हणायचे, "जाऊ दे गं. त्याचं बरोबर आहे. मलाच लक्षात राहत नाही."

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आमच्या घरची पद्धत अशी की पाटावर चांदीचं एक नाणं हवंच. आमचं वडिलोपार्जित नाणं पुण्याला लॉकरमध्ये होतं. बाबा म्हणाले, "अरे, घरात एवढी चांदी पडलीये आणि देवीपुढे ठेवायला एक नाणं नाही?"

मी खूप वेळ आढेवेढे घेतले. स्लॅबमधलं एकही द्यायला मन होईना. शेवटी त्याच आठवड्यात टपालाने आलेला एक नवा डॉलर काढला, त्याच्यावरही एका बाईचा चेहरा होता. तो अजून परीक्षकांकडे गेला नव्हता, कॅप्सूलमध्येच होता. अट एकच घातली, कॅप्सूल उघडायची नाही. हळदकुंकू वाहायचं तर कॅप्सूलवर. अक्षतासुद्धा कॅप्सूलवर. लक्ष्मीला प्लास्टिकवरून कुंकू लावणारं कुटुंब म्हणून आमची कुठेतरी नोंद व्हायला हरकत नाही.

बाबा पूजा झाल्यावर पाटासमोर बसून होते. "हिला बाहेर काढायचीच नाही का कधी?" त्यांनी विचारलं. डॉलरवरच्या बाईला ते लक्ष्मीच समजत होते की काय कोण जाणे.

"नाही."

"मग कळायचं कसं, खरी चांदी आहे की नाही?"

"कागद असतो बाबा त्याच्याबरोबर. प्रमाणपत्र."

"अच्छा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाणं आत ठेवायला घेतलं तर त्या बाईचं डोकं किंचित कललेलं होतं. कॅप्सूलच्या झाकणावर एक छोटी खूण असते, तिच्या बरोबर खाली तिच्या कपाळाचा मध्य येतो, हे मी आल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. आता ती मान वाकडी करून बघितल्यासारखी दिसत होती. कॅप्सूल हलली तर आतलं नाणं फिरू शकतं, हे मला माहीत होतं. तरी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. बाबा लेकीला मांडीवर घेऊन चकली भरवत होते. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

"बाबा, तुम्ही ही उघडली होतीत का?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "मी कशाला उघडू?"

प्रश्नच मिटला. बाबा खोटं बोलत नाहीत हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं होतं. मी सहावीत असताना एस.टी.त कंडक्टर माझं अर्धं तिकीट फाडत होता, तेव्हा बाबांनीच त्याला थांबवून सांगितलं होतं, याला गेल्या महिन्यात बारा पूर्ण झाली म्हणून. मी खिडकीबाहेर बघत लाजून मेलो होतो.

नाणं परीक्षकांकडे गेलं, चार महिन्यांनी स्लॅबमध्ये बंद होऊन परत आलं. सत्तर. बाबा तोपर्यंत पुण्याला गेले होते. मी फोनवर त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "वा! डाग नाही निघाला ना कुठे?" मी म्हटलं, एकही नाही. "बरं झालं," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा म्हणाले, "बरं झालं बाबा."

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलेलं होतं, फक्त अस्थी ठेवल्या होत्या.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. एक नोव्हेंबरला आमच्या भागात आलरहायलिगनची सुट्टी असते. लोक दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर लाल दिवे लावतात. दुकानं बंद, रस्ते ओस, गावात चिटपाखरू नसतं. बायको आणि लेक वरच्या मजल्यावरच्या जर्मन शेजारणीबरोबर दिवे बघायला गेल्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन इतकं तिरकं होतं की टेबलावर ठेवलेल्या पेन्सिलीची सावली भिंतीपर्यंत जात होती. मी खण उघडून बसलो होतो. तो डॉलर हातात घेतला, उन्हात जरा तिरका केला, आणि त्या बाईच्या गालासमोर मोकळ्या आरशात मला काहीतरी दिसलं.

सरळ धरला की काही नाही. तिरका केला की ते होतं. नखाएवढी एक चंद्रकोर, तपकिरी, बारीक रेघांची. मला वाटलं स्लॅबला बाहेरून लागलंय. कापडाने पुसलं. ते तसंच. उलट पेटी स्वच्छ झाल्यामुळे ते जास्त स्पष्ट झालं. ते आत होतं. ज्या पेटीत पाच वर्षं हवासुद्धा बदलली नव्हती तिच्यात कोणीतरी बोट टेकवलं होतं.

याचं शास्त्रीय कारण मला माहीत होतं. चांदीला ओझरतं बोट लागलं की त्यावरचं तेल आणि घाम आधी दिसत नाही. परीक्षकांच्या भिंगालाही दिसत नाही. वर्षानुवर्षं चांदी आतल्या आत काळवंडत जाते आणि मग ठसा उठतो. नाद असलेल्या लोकांच्या गप्पांत मी हे शंभरदा वाचलं होतं. तरी त्या सुट्टीच्या दुपारी, बाहेर गाव मेल्यासारखं शांत असताना, मी तो स्लॅब पालथा ठेवला आणि उठून घरातले सगळे दिवे लावले.

दिवे लावल्यावर भीती गेली आणि राग आला. माझं असंच होतं. कोणी केलं असेल? मी कधी हातमोज्याशिवाय कॅप्सूल उघडलेली नाही. बायकोला त्या वस्तूंचा इतका कंटाळा आहे की ती धूळ पुसायलासुद्धा तो खण उघडत नाही. बाबांनी नाही म्हणून सांगितलं होतं. आणि ती चंद्रकोर लहान होती, लहान मुलाच्या बोटाएवढी.

लेक दिवे बघून परत आली. गाल लाल झाले होते. तिचा कोट निघायच्या आधीच मी तिला खोलीत बोलावलं. दहा वर्षांच्या मुलीला मी तिने पाच वर्षांची असताना केलेल्या गुन्ह्याबद्दल विचारत होतो, हे मला आता लिहिताना दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

"आजोबा आले होते त्या दिवाळीला तू हे नाणं बाहेर काढलं होतंस?"

तिने स्लॅबकडे बघितलं. मग जमिनीकडे. आमची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "इश झाग निश्ट्स." मी काही सांगणार नाही.

हो म्हणाली असती तर मी दोन मिनिटं बडबडून गप्प बसलो असतो. नाही म्हणाली असती तर कदाचित विश्वास ठेवला असता. पण काही सांगणार नाही म्हणजे काय? माझा आवाज चढला तो चढतच गेला. नाण्यापासून सुरू झालेलं मी तिच्या अभ्यासापर्यंत आणि तिच्या पसाऱ्यापर्यंत नेलं. ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून उभी होती. बायकोने येऊन तिला बाहेर नेलं आणि जाताना मला म्हणाली, "पोरीपेक्षा तो ठोकळा मोठा झाला का तुला?"

त्या दिवसापासून लेक माझ्या खोलीत येईनाशी झाली. जेवायला बोलवायचं असलं तर उंबऱ्याबाहेरून सांगायची, "एस्सन," आणि निघून जायची. आधी ती माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची. मला ते टोचत होतं. पण मी मनात म्हणायचो, चूक केली तर कबूल करायला शिकावं. त्या हट्टावर मी अख्खा हिवाळा काढला.

आणि ठसा वाढत होता.

मी दर रविवारी दुपारी त्याचा फोटो काढायचो, त्याच दिव्याखाली, त्याच कोनात. फोटो एकाशेजारी एक लावले की अंगावर शहारे यायचे. नोव्हेंबरच्या शेवटी चंद्रकोरीच्या आत दुसरी चंद्रकोर आली होती. नाताळाच्या आसपास मध्ये भोवरा दिसायला लागला. रेघा आधी तपकिरी होत्या, मग जांभळट झाल्या, मग निळ्या. बाजूने तो त्या बाईच्या हनुवटीकडे सरकत होता. मी दूध उतू जाईल म्हणून लक्ष ठेवावं तसं त्या पेटीवर लक्ष ठेवायला लागलो. ऑफिसमधून आल्यावर बूट काढायच्या आधी बघून यायचो. मला असं वाटायला लागलं होतं की कोणीतरी आतून पेटीला अंगठा लावून उभं आहे आणि दिवसेंदिवस जरा जास्त जोर देत आहे.

"फेकून दे ना ते," बायको म्हणाली. "मला पण आता त्या खोलीत जावंसं वाटत नाही. एकटी असले की दार लावून घेते मी."

जानेवारीत एका रविवारी मी स्लॅबवरच पट्टी ठेवून मोजलं आणि खुर्चीत मागे टेकलो. तो ठसा आता माझ्या अंगठ्याएवढा झाला होता. कदाचित थोडा मोठाच. पाच वर्षांच्या मुलीचा अंगठा एवढा नसतो. दहा वर्षांच्या मुलीचाही नसतो. मला सगळ्यात आधी दिसायला लागली होती ती फक्त त्याची कड होती.

म्हणजे लेक नव्हती. हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं, आणि मी काय केलं? काही नाही. तिच्याकडे जाऊन माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी ठसा कोणाचा ते शोधत बसलो, कारण कोणाचा तरी सापडला असता तर मला तिच्याकडे रिकाम्या हाताने जावं लागलं नसतं. बोटाला कुंकू लावून मी कागदावर माझा अंगठा उठवला. बायकोलाही तयार केलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, आता एवढंच राहिलं होतं," असं म्हणत तिने दिला. दोन्ही जुळले नाहीत. माझा भोवरा उजवीकडे वळतो, तिच्या अंगठ्याला भोवराच नाही. मग मी ठरवलं की टांकसाळीतल्या कोणाचा तरी असेल, आणि मला जरा बरं वाटलं. कुठल्या तरी अनोळखी, समुद्रापलीकडच्या माणसाचा.

मी नाणं वाचवायचं ठरवलं. स्लॅब फोडायचा, नाणं अॅसिटोनमध्ये बुडवायचं, मग चांदी साफ करायच्या द्रावणात दोन सेकंद. सत्तर गेले तर गेले, पण अंगठा तर जाईल. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी टेबलावर जुना टॉवेल पसरला. पक्कड, काचेचं भांडं, बाटली सगळं मांडलं. बाहेर धुकं होतं, समोरच्या बिल्डिंगच्या फक्त खिडक्यांच्या चौकटी दिसत होत्या. आठवण म्हणून शेवटचा एक फोटो काढला आणि तो संगणकावर मोठा करून बघितला.

भोवऱ्याच्या खालून एक पांढरी तिरकी रेघ गेली होती. तिच्यावर ठशाची एकही ओळ नव्हती. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी, टोकाला जरा वाकलेली.

मी पक्कड खाली ठेवली.

ती रेघ मी सात वर्षांचा असताना पडली होती. बाबा नारळ फोडत होते आणि कोयता निसटून डाव्या अंगठ्यात गेला. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं. बाबांनी हूं की चूं केलं नाही, फडक्याने हात बांधून ते सायकलवर डॉक्टरकडे गेले. मी पलंगाखाली लपलो होतो, कारण नारळ मी धरायचा होता आणि मी खेळायला पळालो होतो. ते परत आले, पलंगाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ये बाहेर. काही झालं नाही."

तरी मी खात्री करून घेतली. स्वभावच तसा. कागदपत्रांच्या ऑर्डनरमध्ये, म्हणजे जाड फायलीत, पुण्याच्या फ्लॅटचं बक्षीसपत्र होतं, बाबांनी माझ्या नावे केलेलं. आपल्याकडे नोंदणी करताना सही येत असली तरी डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावाच लागतो. शेवटच्या पानावर बाबांचा फोटो, शेजारी सही आणि तिच्याखाली काळ्या शाईत अंगठा. मी तो भिंगाखाली धरला. शेजारी स्लॅब ठेवला. भोवरा तोच होता. रेघ तीच होती, टोकाला वाकलेली. कागदावरची शाई कोरडी, फिकी झाली होती. नाण्यावरचा अंगठा मात्र ओला दिसत होता, आत्ता कोणी उचलल्यासारखा.

माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागतोय असं वाटून मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. धुकं होतं खिडकीत.

घाबरलो होतो हे खरं आहे. पण त्या भीतीच्या आत दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. माझे वडील माझ्याशी खोटं बोलले होते. अर्ध्या तिकिटासाठीही खोटं न बोललेला माणूस, सत्तरी ओलांडल्यावर, नातीला मांडीवर घेऊन, एका डबीसाठी खोटं बोलला. "नाही रे. मी कशाला उघडू?" मी तो आवाज पुन्हा पुन्हा आठवून बघितला. त्यात घाई होती. तशी घाई मला चांगली ओळखीची होती. सायकलचा स्टँड वाजल्यावर रेडिओ बंद करणाऱ्या पोराची घाई. ते मला घाबरत होते. "डाग नाही निघाला ना कुठे?" हे त्यांनी फोनवर चार महिन्यांनी विचारलं होतं, म्हणजे चार महिने त्यांच्या मनात ते होतं. मग अजून दोन वर्षं असेल. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. मोठा आवाज होऊ नये म्हणून टॉवेल तोंडात धरला.

तोंड धुतलं आणि लेकीला हाक मारली. ती आली आणि दारात थांबली.

"हा ठसा तुझा नव्हता," मी म्हणालो. "मी तुला उगाच रागावलो. चुकलो मी. तो आजोबांचा आहे."

"वाइस इश," ती म्हणाली. मला माहितीये.

"माहितीये? कधीपासून?"

मग तिने जर्मनमध्ये, शाळेत निबंध वाचून दाखवतात तसं सलग सांगितलं. त्या सकाळी मी झोपलो होतो. आजोबांनी डबी उघडली, कारण त्यांना बघायचं होतं चांदी खरी आहे का. एका हाताने नाणं धरलं, मग दुसऱ्या हाताच्या बोटावर ठेवून अंगठ्याच्या नखाने टिचकी मारली. ते गायला लागलं. आजोबांनी ते तिच्या कानाजवळ धरलं. खूप वेळ वाजत होतं. आजोबा हसत होते. मग माझ्या खोलीचं दार वाजलं आणि त्यांनी पटकन ते आत घातलं, आणि त्यांचे हात असे असे होत होते. तिने हात हलवून दाखवले.

"आणि मग?"

ती आता मराठीत बोलली. मराठी तिच्या तोंडून मी कधीतरीच ऐकतो, तीसुद्धा अडखळत. ही मराठी अडखळली नाही. ती हळू होती, जरा घोगरी, शब्दांच्या शेवटी किंचित खाली येणारी, आणि ती तिची नव्हती. "बाबाला सांगायचं नाही हं. बाबा फार चिडतो."

माझ्या हातांवरचे केस उभे राहिले. पाच वर्षं तिने ते वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, सुराला धक्का न लावता.

"अगं, पण मी तुला एवढं बोललो. तेव्हा तरी सांगायचं."

"फेरश्प्रोखन इस्ट फेरश्प्रोखन," ती म्हणाली. कबूल केलं म्हणजे केलं.

मी तिला आत ये म्हटलं. ती आली नाही. तिने टेबलावरच्या स्लॅबकडे बघितलं, पक्कड आणि बाटली बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"आता तू आजोबांवर चिडणार?" तिने विचारलं.

मेलेल्या माणसालासुद्धा माझ्यापासून सांभाळायला हवं असं त्या पोरीला वाटत होतं.

मी नाही म्हणालो. अगदी हळू आवाजात म्हणालो. ते खरं आहे का बघत ती दारातच उभी राहिली.